सशाच्या डोळ्यात घातल्याशिवाय शाम्पू सुरक्षित ठरत नाही?

‘प्राण्यांवर चाचणी केली नसेल तर ते क्रीम किंवा शाम्पू वापरणं धोक्याचं,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. काळजीपोटीच लोक तो पुढे पाठवतात, पण तो बरोबर नाही.

सशाच्या डोळ्यात पदार्थ घालून बघायची पद्धत 1940च्या दशकातली. सशाला तिसरी पापणी असते, डोळ्यात पाणीही कमी येतं. त्यामुळे तिथलं उत्तर माणसाला जसंच्या तसं लागू पडत नाही.

आता काय करतात? शस्त्रक्रियेत उरलेल्या मानवी त्वचेच्या पेशी छोट्या प्लास्टिकच्या कपात वाढवतात. त्यांचा थरावर थर चढून खऱ्या कातडीसारखा पापुद्रा तयार होतो. त्यावर पदार्थ ठेवतात, धुतात, जवळपास दोन दिवस थांबतात आणि पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत उरल्या, तर पदार्थ त्वचेला त्रासदायक. किती स्वच्छ उत्तर आहे हे! दीर्घकाळाचे, संपूर्ण शरीरावरचे परिणाम तपासणं मात्र अजून अवघड आहे, तिथे काम चालू आहे.

खात्री करायची असेल तर 2014 सालचं राजपत्र शोधा. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी तेव्हापासून बंद आहे. युरोपात 2013पासून अशी चाचणी केलेल्या मालाच्या विक्रीवरही बंदी आहे. आणि पाकिटावरचा हिरवा ठिपका? तो घटक शाकाहारी असल्याचं सांगतो, चाचणीबद्दल काहीच नाही.