सुई टोचली तर रक्त कुणाचं पाठवायचं?

(दवाखाने, नर्सिंग होम आणि डेंटल क्लिनिकसाठी)

"सिस्टरला सुई टोचलीय, रक्त पाठवतोय. रिपोर्ट आला की गोळ्यांचं बघू." असा फोन आला की आम्ही लॅबवाले आधी विचारतो, पेशंटचं रक्त घेतलंत का? तोवर पेशंट घरी गेलेला असतो आणि अर्धा दिवस त्याला शोधण्यात जातो.

सिस्टरचं आजचं रक्त आजच्या सुईबद्दल काही सांगत नाही. ते फक्त टोचण्याआधीची स्थिती दाखवतं. नोंदीसाठी ते हवंच, पण 'निगेटिव्ह आलं, सुटलो' असं नव्हे. खरी गरज असते ज्या पेशंटला ती सुई वापरली होती त्याच्या (म्हणजे 'सोर्स'च्या) एचआयव्ही, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी) आणि एचसीव्ही (हिपॅटायटिस सी) तपासणीची. त्याला सोडण्याआधी संमती घ्या, लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये ५ मिली रक्त घ्या. दोन्ही ट्यूबवर 'सोर्स' आणि 'स्टाफ' असं स्पष्ट लिहा, फॉर्मवर टोचल्याची वेळ टाका. सोर्सचं सॅम्पल आम्ही रांगेत ठेवत नाही, आलं की लावतो. सुई मात्र पाठवू नका. ती तपासून काही कळत नाही आणि आमच्या माणसाला टोचायची भीती वेगळीच.

आमच्या रिपोर्टसाठी एचआयव्ही टाळायच्या गोळ्यांचा पहिला डोस अडवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. डोळ्यात रक्त उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. मग थेट सरकारी रुग्णालय गाठा. हा पहिला डोस शक्यतो २ तासांत घ्यायचा. ७२ तास उलटले की तो सुरू करत नाहीत. सोर्स निगेटिव्ह निघाला तर गोळ्या थांबवायच्या का ते तिथले डॉक्टर ठरवतात, नाहीतर कोर्स २८ दिवसांचा.

सगळे घाबरतात एचआयव्हीला. बाधिताची सुई टोचली तर तो हजारांत साधारण तिघांना होतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के! लसीचे तीन डोस झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लसीने पुरेसं संरक्षण आलं का हे पाहणारी रक्ततपासणी) करा. १० किंवा जास्त आलं की ही काळजी मिटली. 'डोस झालेत बहुतेक' हे उत्तर सुई टोचल्यावर कामाचं नाही. सगळ्या स्टाफचं टायटर एकदम करायचं असेल तर सॅम्पल घ्यायला आम्ही क्लिनिकवर येतो.

एचआयव्हीचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर का देत नाही, यावरून डॉक्टरमंडळी रागावतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता बंधनकारक आहे, त्यामुळे स्टाफचा रिपोर्ट बंद पाकिटात त्याच्याच हाती जातो. सहा आठवडे आणि तीन महिन्यांनंतरच्या फेरतपासणीच्या तारखाही त्याच पाकिटावर लिहिलेल्या असतात.