औषधालयाची निवड
औषधालयाची निवड : एकापेक्षा अधिक औषधालये उपलब्ध असताना रुग्ण त्यांतील एखादेच का निवडतो आणि पुढे त्याच्याकडेच का जात राहतो, हा औषधनिर्माणशास्त्र, आरोग्य-अर्थशास्त्र व ग्राहकवर्तन या शाखांचा सामाईक अभ्यासविषय. येथे वस्तीतील, रुग्णालयाला न जोडलेले औषधालय अभिप्रेत आहे.

औषध लिहून देणारा आणि ते देणारा एकच असेल, तर निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. या दोन व्यवसायांच्या कायदेशीर फारकतीचा आरंभ सामान्यतः पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने सिसिलीच्या राज्यासाठी केलेल्या कायद्यांपर्यंत मागे नेला जातो. या कायद्यांची मूळ संहिता दक्षिण इटलीतील मेल्फी येथे 1231 मध्ये जारी झाली. मात्र वैद्याने औषधविक्रेत्याशी भागीदारी करू नये, हे कलम तीत प्रथमपासून होते की 1240 च्या सुमारास जोडले गेले, याविषयी मतभेद आहेत. ही नंतरची भर असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. संदर्भग्रंथांत 1231, 1240 आणि 1241 अशी तिन्ही वर्षे आढळतात ती यामुळेच. आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये स्वतंत्र औषधविक्रेते होते, असेही मानले जाते. ही फारकत सर्वत्र एकाच वेळी झाली नाही. दक्षिण कोरियात ती 2000 मध्ये लागू झाली.

रुग्णांना कारण विचारले असता ‘जवळ पडते’ हे उत्तर वारंवार मिळते. पण जवळ म्हणजे कशाच्या जवळ? घराच्या, दवाखान्याच्या, कामाच्या ठिकाणाच्या, की येण्याजाण्याच्या वाटेवर? प्रश्नावलीत हा भेद पुष्कळदा केलेला नसतो. ताप किंवा दुखापतीसाठी दवाखान्यालगतचे औषधालय सोयीचे, तर मधुमेह, रक्तदाब यांसारख्या दीर्घकालीन आजारांत दरमहा घराजवळचे. ग्राहक कोणते दुकान निवडतील याचा अंदाज बांधण्यासाठी विपणनतज्ज्ञ डेव्हिड हफ यांनी 1960 नंतरच्या दशकात मांडलेल्या प्रतिमानात (मॉडेलमध्ये) दुकान निवडले जाण्याची संभाव्यता त्याच्या आकारमानाबरोबर वाढते व अंतराबरोबर घटते. ते व्यापारी केंद्रांसाठी रचलेले होते. औषधालयाला लावताना आकारमानाऐवजी साठा धरणे अधिक युक्त; चिठ्ठीतील सगळी औषधे एकाच खेपेत मिळाली नाहीत, तर जवळिकीचा फायदा उरत नाही.

अंतरामुळे पहिली भेट घडते. तेथेच परत येण्याचे कारण मात्र त्यातून पुरेसे उलगडत नाही. अर्थशास्त्रज्ञ डार्बी आणि कार्नी यांनी 1973 मध्ये अशा सेवांचा वेगळा वर्ग केला, ज्यांचा दर्जा ग्राहकाला त्या घेतल्यावरही नीट पारखता येत नाही. औषधालयातील सल्ला बव्हंशी याच वर्गात मोडतो. दोन औषधांचा घातक संयोग औषधविक्रेत्याने वेळीच टाळला, तर रुग्णाच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. मग तो दिसणाऱ्या खुणांवर विसंबतो : बोलण्यातली आपुलकी, नावाने ओळखणे, औषध कधी व कसे घ्यायचे हे न विचारता सांगणे, रांगेतल्या इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलणे. या खुणा ज्ञानाची हमी देत नाहीत, हे येथे नोंदवले पाहिजे. औषधनिर्माणशास्त्राचे अभ्यासक हेपलर व स्ट्रँड यांनी 1990 मध्ये औषधविक्रेत्याची जबाबदारी औषध हाती देण्यापुरती न ठेवता उपचाराच्या परिणामापर्यंत विस्तारली. त्यानंतर विश्वास व सातत्य या घटकांकडे अभ्यासकांचे लक्ष अधिक वळलेले दिसते. सातत्याला व्यावहारिक आधारही आहे : सर्व औषधे एकाच ठिकाणाहून घेतली, तर त्यांची नोंद एकत्र राहते आणि दुहेरी मात्रा ध्यानात येऊ शकते.

किंमतीचा प्रभाव देयकपद्धतीनुसार बदलतो. शासन दर ठरवून देते किंवा रुग्णाचा वाटा सर्वत्र सारखाच असतो, तेथे तो क्षीण. खर्च स्वतःच्या खिशातून होतो तेथे, विशेषतः रोजच्या गोळ्यांबाबत, ठळक. दुकानाची वेळ, वाहन लावण्याची सोय आणि घरपोच सेवा हे बहुधा दुय्यम घटक ठरतात. रात्री-अपरात्री मात्र उघडे असणे हाच एकमेव निकष असतो.

विमा कंपनीने औषधालय नेमून दिलेले असल्यास, किंवा परिसरात एकच औषधालय असल्यास, रुग्णाची ‘पसंती’ निवडीतून आली असे म्हणता येत नाही.