जंबुमणी

क्वार्ट्‌झ या खनिजाचा जांभळा, पारदर्शक प्रकार म्हणजे जंबुमणी. नाव जांभळाच्या फळावरून आलेले. सराफाकडे मात्र तो कटेला, जमुनिया किंवा सरळ ॲमेथिस्ट म्हणून मागावा लागतो. घटकांच्या दृष्टीने तो सिलिका, म्हणजे शेतात सापडणाऱ्या गारगोटीचा सख्खा भाऊ. मोहस् मापनश्रेणीवर (१ ते १०) काठिण्य ७, विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६५.

त्याचे सारे मोल रंगात आहे, आणि हा रंग कसा येतो हे मुळातून समजून घेण्यासारखे आहे. स्फटिक वाढत असताना सिलिकॉनच्या काही थोड्या जागी लोहाचे अणू बसतात. पुढे आसपासच्या खडकांतील नैसर्गिक किरणोत्सर्गाने त्या लोहाची अवस्था बदलते आणि स्फटिक जांभळा दिसू लागतो. लोह आणि किरणोत्सर्ग यांपैकी एक जरी नसले तरी हा रंग येत नाही. जो रंग असा येतो, तो जातोही. सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सियसपर्यंत तापवल्यावर बरेचसे खडे पिवळे किंवा नारिंगी होतात. बाजारात सिट्रिन (पिवळा क्वार्ट्‌झ) म्हणून मिळणारे बहुतेक खडे असे तापवलेले जंबुमणीच असतात. दीर्घकाळ कडक उन्हात राहिल्यास काही खडे फिकटतात.

रंग स्फटिकभर सारखा पसरलेला नसतो. पट्ट्यापट्ट्यांनी येतो आणि टोकाकडे बहुधा गडद असतो. म्हणून पैलू पाडणारा कारागीर गडद भाग खड्याच्या तळाशी येईल असा दगड धरतो. वरून पाहणाऱ्याला मग सगळा खडा रंगाने भरलेला दिसतो. लाल झाक मारणारा गर्द जांभळा रंग सर्वांत मौल्यवान. मोठे, स्वच्छ स्फटिक पुष्कळ मिळत असल्याने नुसत्या वजनामुळे हिऱ्यासारखी किंमत चढत नाही.

इजिप्तमधील वादी एल-हुदीच्या खाणींतून मध्य राज्याच्या काळात (सुमारे चार हजार वर्षांपूर्वी) हा दगड मण्यांसाठी काढला जाई. ॲमेथिस्ट या मूळ ग्रीक नावाचा अर्थ ‘नशा न चढलेला’. हा दगड मद्याची धुंदी टाळतो अशी समजूत होती. ख्रिस्ती बिशपांच्या अंगठ्यांतही त्याला मान मिळाला. ब्रिटिश राजदंडात कलिनन या प्रचंड हिऱ्याच्या वर जंबुमण्याचाच गोळा बसवला आहे. एकेकाळी माणकाच्या पंक्तीत बसणारा हा दगड ब्राझीलचे मोठे साठे हाती आल्यावर सामान्यांच्या आवाक्यात आला. आज ब्राझील, उरुग्वे आणि झांबिया हे त्याचे प्रमुख पुरवठादार आहेत.

दख्खनच्या बेसाल्टमधील पोकळ्यांतही जंबुमण्याचे स्फटिक वाढलेले आढळतात. रंग बहुधा फिकट असल्याने ते दागिन्यांपेक्षा संग्रहात शोभतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात दख्खनच्या पोकळ्यांमधली ही खनिजसंपदा पाहता येते. रत्नांची आवड असणाऱ्याने ती चुकवू नये. ज्योतिषात नीलमचे उपरत्न (पर्यायी खडा) म्हणून हा खडा घालण्याची प्रथा आहे.

अंगठीपेक्षा पेंडंट आणि कानांतल्यांत तो अधिक टिकतो, कारण हवेतल्या धुळीत क्वार्ट्‌झचेच कण असतात आणि रोजच्या वापरात पैलूंच्या कडा त्यांनी झिजतात. कोमट साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा; वाफेची सफाई टाळावी. कृत्रिम जंबुमणी प्रयोगशाळेत दाबाखालच्या गरम द्रावणात वाढवतात. त्याची घटकरचना हुबेहूब तीच असल्याने नुसत्या नजरेने फरक कळत नाही. खडा महाग असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे.