उपग्रहाला पकडायचं कुठे?

16 जानेवारी 2025 रोजी इस्रोच्या 'स्पेडेक्स' मोहिमेतले दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले आणि 'आता अंतराळात पेट्रोल पंप' असे निरोप मोबाइलवर फिरू लागले. यश मोठंच आहे, पण तिथे इंधन भरलं गेलं नाही. शिवाय ही जोडी एकमेकांना जोडण्यासाठीच बनवलेली होती. वर आधीपासून फिरणाऱ्या बहुतेक उपग्रहांना आपल्याला कधी कुणी पकडेल याची कल्पनाच नव्हती.

सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर, म्हणजे पृथ्वीवरून एकाच जागी दिसणाऱ्या, उपग्रहाची कक्षा सूर्य-चंद्राच्या ओढीमुळे हळूहळू कलते. ती सावरायला वर्षाला साधारण 50 मीटर प्रतिसेकंद इतका वेगबदल घडवावा लागतो. पंधराएक वर्षांत इंधन संपतं आणि आतली यंत्रणा धडधाकट असतानाही उपग्रह निवृत्त होतो.

2001 साली सोडलेला 'इंटेलसॅट 901' हा दळणवळण उपग्रह असाच थकला होता. फेब्रुवारी 2020 मध्ये 'एमईव्ही-1' हे यान त्याला चिकटलं आणि स्वतःच्या इंजिनांनी पाच वर्षं त्याला सांभाळत राहिलं. त्याने धरलं कुठे? थेट इंजिनाच्या नळकांड्यात! मला या सगळ्या प्रकरणात सर्वात आवडणारी गोष्ट हीच.

रॉकेट इंजिनात ज्वलनकक्षापुढे वाट आधी अरुंद होते, मग घंटेसारखी उमलते. अरुंद होणाऱ्या वाटेत वायूचा वेग वाढतो आणि सर्वात अरुंद जागी, म्हणजे गळ्याशी, तो ध्वनीच्या वेगाला पोचतो. त्यापुढे नियम उलटतो: वायू ध्वनीपेक्षा वेगवान झाला, की वाट रुंदावल्यावर त्याचा वेग आणखी वाढतो, कारण त्याची घनता वाटेच्या रुंदीपेक्षाही झपाट्याने घटते. म्हणून इंजिन अमेरिकेतलं असो की आपल्या जीसॅट उपग्रहांवरचं 440 न्यूटन जोराचं, गळा असणारच. एमईव्हीचा दांडा घंटेतून आत शिरतो, गळ्यापलीकडे त्याची बोटं उघडतात, मग तो मागे खेचला जातो आणि दोन्ही यानं घट्ट आवळली जातात. उपग्रह कक्षेत नेऊन पोचवल्यावर ते इंजिन तसंही रिकामंच असतं.

म्हणजे असं इंजिन असणाऱ्या सगळ्यांना पकडायची मूठ भौतिकशास्त्रानेच दिली. इंधन भरायच्या झडपेचं तसं नाही. प्रक्षेपणाआधी तिच्यावर झाकण बसवतात, ते तारेने बांधतात, वर उष्णतारोधक आच्छादन घालतात. झडपेचा आकार ज्याचा त्याचा. 2022 मध्ये आलेलं 'आयएसओ 24330' हे मानक जवळ जाण्याची आणि सेवा देण्याची तत्त्वं व कार्यपद्धती सांगतं. झडपेचं माप त्यात नाही. अमेरिकेत निरनिराळ्या कंपन्यांनी इंधन भरण्यासाठी आपापली जोडणी पुढे केली आहे. स्पेडेक्सच्या जोडणीत दोन्ही बाजू सारख्याच आहेत, त्यामुळे कुणीही कुणाला पकडू शकतं. माझ्या मते झडपही अशीच हवी, आणि तिचं माप इस्रोने आजच जगासमोर मांडावं.