ज्येष्ठ लोककलावंतांसाठी मानधन योजना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, गोंधळ्यांचे संबळवादन, डक्कलवार समाजाचे किंगरी या तंतुवाद्याचे वादन, उरुसात रात्रभर रंगणारी कव्वाली अशा अनेक कला महाराष्ट्रात लहान लहान समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण बहुतेक कलावंतांच्या वाट्याला उतारवयात विवंचनाच येते. त्यांच्यासाठी राज्य शासनाची ‘राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना’ आहे. पूर्वी श्रेणीनुसार कमीजास्त असलेले मानधन २०२४ पासून सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले आहे.

अर्जदार महाराष्ट्राचा रहिवासी असावा, त्याचे वय किमान ५० वर्षे (दिव्यांगांसाठी ४०) असावे, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचे योगदान असावे आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपेक्षा अधिक नसावे. अन्य शासकीय योजनेतून नियमित निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही.

आधार कार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि बँक पासबुक ही कागदपत्रे लागतात. दिव्यांगांनी तसे प्रमाणपत्रही जोडावे. विवाहित अर्जदारांनी पती-पत्नीचे एकत्रित छायाचित्र देण्यात कुचराई करू नये, कारण कलावंताच्या पश्चात हयात जोडीदाराला हे मानधन मिळू शकते.

खरी अडचण येते ती कलेच्या पुराव्याची. गावोगाव फिरून, अंगणात कला सादर करून बिदागी घेणाऱ्याला प्रमाणपत्र कोण देणार? म्हणून जत्रेची छापील पत्रिका, वर्तमानपत्रातले कात्रण, आकाशवाणीचे करारपत्र, शाळेचे किंवा मंडळाचे आभारपत्र, तारखेसह छायाचित्र असा जो कागद घरात असेल तो जपून ठेवावा आणि वर्षांच्या क्रमाने लावावा. भटक्या समाजांत एकाच माणसाचे नाव आधारवर एक, पासबुकात दुसरे आणि पत्रिकेवर तिसरेच असते. अर्ज भरण्याआधी आधार व पासबुकातील नावे जुळवून घ्यावीत.

अर्ज शासनाच्या ‘महाकलासन्मान’ संकेतस्थळावर, जाहीर झालेल्या मुदतीत ऑनलाइन भरायचा असून छाननीनंतर जिल्हास्तरीय समिती निवड करते. ज्यांना लिहितावाचता येत नाही, त्यांचा अर्ज गावातल्या शिकलेल्या मुलामुलींनी शेजारी बसून भरून द्यावा आणि पोचपावतीची प्रत कलावंताच्याच हाती ठेवावी.