जलतरण तलावातील गळतीचे निदान

घराच्या आवारात जमिनीत बांधलेल्या पोहण्याच्या तलावाची पातळी नेहमीपेक्षा जास्त उतरू लागली, तर ही घट बाष्पीभवनाची की गळतीची हे ठरविणे आणि गळती असल्यास तिची जागा शोधणे, या दोन्ही गोष्टी निदानात येतात. दुसरे काम पहिल्यावर अवलंबून आहे. प्रत्यक्षात मात्र पहिले वगळून थेट फरशी उखडण्याकडे कल असतो, आणि अनेकदा गळती नसलेल्या तलावाभोवतीच खोदाई होते.

घटीचे मोजमाप : एक चौ. मी. पृष्ठावरील १ मिमी. उंचीचे पाणी म्हणजे १ लिटर. त्यामुळे ८ मी. × ४ मी. तलावात पातळी १ मिमी. उतरली, की ३२ लिटर पाणी गेले. बाष्पीभवनाने दिवसाला ५ मिमी. घट झाली तरी १६० लिटर पाणी जाते आणि त्यात वावगे काही नसते. पोहणाऱ्यांनी उडविलेले पाणी, फिल्टर उलट धुताना बाहेर सोडलेले पाणी आणि पावसात काठावरून वाहून गेलेले पाणी हेही हिशोबात धरावे लागते. पातळी आपोआप भरून काढणारा फ्लोट-व्हॉल्व्ह बसविलेला असेल तर गळती महिनोन्‌महिने लपून राहते. अशा ठिकाणी वाढलेले पाण्याचे बिल हीच पहिली खूण असते. निदान सुरू करण्यापूर्वी हा व्हॉल्व्ह बंद करणे अनिवार्य आहे.

बाष्पीभवनाचा अंदाज : पाण्याच्या पृष्ठालगतचा बाष्पदाब आणि हवेतील बाष्पदाब यांच्या फरकाच्या प्रमाणात बाष्पीभवन होते, हा नियम जॉन डाल्टन यांनी १८०२ च्या सुमारास मांडला. विलिस कॅरिअर यांनी १९१८ मध्ये वाऱ्याचा वेग जमेस धरून दिलेले सूत्र तलावांसाठी दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. वातानुकूलनाच्या अमेरिकन हस्तपुस्तिकांत त्याला पुढे वापराचा गुणक जोडण्यात आला. सार्वजनिक तलावासाठी तो १, तर घरगुती तलावासाठी ०·५ धरतात. स्मिथ, लॉफ व जोन्स यांनी उघड्यावरील, वापरात नसलेल्या तलावाची मापने १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत शांत पाण्यावरील बाष्पीभवन मूळ सूत्राच्या उत्तरापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने कमी भरले. नैसर्गिक अभिसरणावर आधारलेली शाह यांची सूत्रे अंतर्गृही तलावांना अधिक लागू पडतात, असे मानणाराही एक पक्ष आहे.

तापविणारी यंत्रणा निवडताना एवढ्या फरकाने फारसे बिघडत नाही. गळतीच्या निदानात मात्र तो निर्णायक ठरतो. अपेक्षित बाष्पीभवन ६ मिमी. धरले आणि त्यात पाव हिश्श्याची चूक असली, तर ३२ चौ. मी. तलावात दिवसाला ४८ लिटरची तफावत पडते. कित्येक मंद गळत्या याहून लहान असतात. म्हणून सूत्रावरून काढलेल्या अंदाजापेक्षा त्याच जागी, त्याच वेळी घेतलेली तुलना अधिक भरवशाची ठरते.

बादली चाचणी : ही तुलना करण्याची सर्वांत सोपी व सर्वाधिक रूढ रीत. बादलीत तलावाचेच पाणी भरून, तळाशी वजन ठेवून ती तलावाच्या पायरीवर अशी बसवितात, की आतील व बाहेरील पातळी एक येईल. दोन्ही पातळ्यांवर खूण करून २४ तासांनी घट मोजतात. बाष्पीभवन दोन्हीकडे जवळजवळ सारखे होते, त्यामुळे तलावाची घट बादलीपेक्षा जास्त भरली तर वरचा फरक गळतीचा.

या चाचणीतले काही दोष सहसा लक्षात घेतले जात नाहीत. बादलीचा काठ पाण्याच्या वर बराच असेल तर आतल्या पाण्याला वारा लागत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि गळती नसतानाही ती असल्यासारखी दिसते. म्हणून काठ शक्य तितका कमी वर ठेवावा व वारा पडलेला दिवस निवडावा. बादली पायरीवर न ठेवता बाहेर फरशीवर ठेवल्यास उलटी चूक होते, कारण थोडे पाणी उन्हाने आणि भिंतीतून येणाऱ्या उष्णतेने लवकर तापते. हवामान वेधशाळांतील १२०·७ सेंमी. व्यासाच्या प्रमाण बाष्पीभवन-पात्राचे आकडे सरोवराला लावताना साधारणपणे ०·७ ने गुणतात, ते याच कारणाने. आणखी एक बारकावा असा, की पाणी कडेला भिंतीवर किंचित चढते आणि नजर तिरपी असेल तर वाचनात दोन-तीन मिमी. चूक सहज होते. बादलीच्या बाहेरच्या खुणेपेक्षा तलावाच्या काठच्या टाइलवर केलेली खूण बरी, कारण बादली तसूभर हलली तरी बाहेरची खूण निरुपयोगी होते. बाष्पीभवन-पात्रासाठी वापरतात ती आकडा-मापनी, म्हणजे पृष्ठाला खालून टेकणारे टोकदार टोक, मिळाली तर मिमी.च्या दशांशापर्यंत वाचता येते.

तापमानाच्या आकुंचनाची चूक त्याहून फसवी आहे. पाणी २५° से. वरून २०° से. पर्यंत निवले तर त्याचे आकारमान सुमारे ०·१२ टक्क्यांनी घटते. दीड मीटर खोल तलावात एवढ्यानेच पातळी जवळजवळ १·७ मिमी. खाली जाते, ३० सेंमी. खोल बादलीत मात्र ती ०·४ मिमी.हूनही कमी उतरते. म्हणजे संध्याकाळी खूण करून पहाटे वाचन घेतले, तर धडधाकट तलावही गळका ठरू शकतो. दोन्ही वाचने दिवसाच्या एकाच वेळी घ्यावीत, पाण्याचे तापमान नोंदवावे आणि चाचणी दोन दिवस चालवावी.

क्षारांचा ताळेबंद : या मार्गाचा उपयोग व्हावा तितका होत नाही. वाफ होऊन गेलेले पाणी क्षार मागे ठेवते; गळून गेलेले पाणी ते बरोबर नेते. म्हणून केवळ बाष्पीभवनाची भरपाई होत असलेल्या तलावात मिठाचे प्रमाण टिकून राहते, गळक्या तलावात ते सतत उतरते. समजा, ४५,००० लिटरच्या तलावात लिटरमागे ३,००० मिग्रॅ. मीठ आहे, दररोज २८० लिटर गळते आणि तेवढेच गोडे पाणी भरले जाते. तीस दिवसांत हे प्रमाण २,५०० च्या आसपास येते. फिल्टर उलट धुण्यात गेलेले पाणी व वरून घातलेल्या क्लोरिनयुक्त रसायनांतून वाढणारे क्लोराइड यांची दुरुस्ती मात्र करावी लागते. क्लोरिनला उन्हापासून टिकविण्यासाठी घालतात त्या सायन्युरिक आम्लाचे प्रमाण विनाकारण उतरत राहणे हीही अशीच खूण आहे, पण त्याचे काही अंशी विघटनही होत असल्याने मिठाचा पुरावा अधिक पक्का.

छिद्र व गळतीचा वेग : टॉरिचेली यांच्या १६४४ मधील नियमानुसार १·५ मी. खोलीवरील छिद्रातून पाणी सेकंदाला सुमारे ५·४ मी. वेगाने बाहेर पडते. प्रवाह-गुणक ०·६ धरला, तर १ चौ. मिमी. छिद्रातून दिवसाला २८० लिटर, म्हणजे वरील तलावात जवळजवळ ९ मिमी. पाणी जाते. पण हे झाले छिद्राबाहेर मोकळी जागा असताना. छिद्रामागे घट्ट चिकणमाती असेल तर प्रवाह डार्सी यांच्या १८५६ च्या नियमाने मातीच ठरविते, आणि तीच भेग दहापट मोठी असूनही थेंबथेंब गळते. त्यामुळे गळतीच्या वेगावरून छिद्राचा आकार सांगण्याचे धाडस करू नये. पातळी खाली जाताना वेग कसा मंदावतो यावरून छिद्राची उंची काढण्याच्या रीतीलाही हीच मर्यादा आहे. मोकळ्या छिद्रात वेग खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, मातीत झिरपताना सरळ खोलीप्रमाणे, आणि कोणता नियम लावावा हे आधी ठाऊक नसते.

पंप चालू व बंद : बादली चाचणी पंप चालू ठेवून एकदा आणि बंद ठेवून एकदा करतात. पंप चालू असताना घट जास्त असेल तर संशय पंपाच्या पुढच्या, दाबाखाली पाणी तलावात परत आणणाऱ्या रिटर्न पाइपांवर जातो. तेथे दाब ५ मी. जलस्तंभाइतका असला तरी त्याच छिद्रातून दीड मीटरच्या तुलनेत १·८ पट पाणी जाते. फिल्टरवरील बहुमार्गी व्हॉल्व्हचे गॅस्केट झिजल्यास पाणी गुपचूप सांडपाण्याच्या नळीत जात राहते, हेही याच वेळी दिसते. नळीच्या तोंडाशी पंप चालू असताना ओल आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ खोदाई वाचते. शोषण बाजूच्या, म्हणजे तलावातून पंपाकडे पाणी ओढून नेणाऱ्या पाइपांच्या, गळतीत चित्र उलटे असते. पंप चालू असताना तेथील दाब कमी असल्याने पाणी बाहेर पडण्याऐवजी हवा आत खेचली जाते, पंपाच्या जाळीपेटीत फेस दिसतो व रिटर्नच्या तोंडातून बुडबुडे येतात. दोन्ही वेळी घट सारखीच असल्यास दोष बहुधा तलावाच्या कवचात, म्हणजे भिंतींत वा तळात.

पातळी कोठे थांबते : भरणे बंद करून पाणी उतरू दिल्यास ते जेथे थांबते त्याच उंचीवर दोष असण्याचा संभव मोठा. स्किमरच्या, म्हणजे पृष्ठावरील कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतील पेटीच्या, तोंडाशी थांबल्यास स्किमरचे प्लॅस्टिक व काँक्रीट यांमधील सांधा तपासावा. ही सर्वांत नेहमीची जागा आहे. दिव्याच्या कोनाड्याशी थांबल्यास बहुधा मागची तारनळी गळते, रिटर्नच्या तोंडाशी थांबल्यास त्याचा जोड. त्याखालीही उतरत राहिल्यास मेन ड्रेन (तळातील पाणी ओढून घेणारे तोंड) किंवा तळाची भेग संशयित ठरते. व्हिनिल लाइनर, म्हणजे प्लॅस्टिकचे आतले अस्तर, असलेल्या तलावात ही रीत जपून वापरावी, कारण पाण्याचा भार गेला की लाइनर आकसतो व पुन्हा नीट बसत नाही.

काँक्रीटचे कवच आता बहुधा दाबाने फवारलेल्या मिश्रणाचे असते. या तंत्राचा उगम कार्ल एकली या अमेरिकन संग्रहालयतज्ज्ञांनी १९०७ च्या सुमारास केलेल्या फवारणी-यंत्रात मानतात. १९११ हे साल त्याच्या एकस्वाचे होय. अशा कवचाची जलरोधकता मुख्यतः आतल्या गिलाव्यावर अवलंबून असते. त्यामुळे गिलाव्यावरच्या केसाएवढ्या भेगांपैकी कवचापर्यंत गेलेली नेमकी कोणती, हा प्रश्न उरतोच.

रंग चाचणी : तो प्रश्न रंगाने सुटतो. पंप अर्धा तास आधी बंद करून पाणी निवळू देतात, मग पिचकारीने गडद रंगाचा एक थेंब भेगेपासून काही मिमी.वर सोडतात. भेग गळत असेल तर तो रंग बारीक धाग्यासारखा ताणत आत जातो. नसेल तर तेथेच तरंगून पसरतो. हाताच्या हालचालीनेही पाणी ढवळते, म्हणून पिचकारी स्थिर धरून वाट पाहणे हेच यातले कौशल्य. पाण्याचा माग रंगाने काढण्याची कल्पना भूजलशास्त्रातून आली असावी. फ्लुओरेसीन हा रंग बायर यांनी १८७१ मध्ये बनविला आणि १८७७ मध्ये क्नोप यांनी जर्मनीत डॅन्यूबच्या पात्रात लुप्त होणाऱ्या पाण्यात त्याचे १० किग्रॅ. विद्राव्य लवण सोडले. सुमारे ६० तासांनी १२ किमी.वरील आख झऱ्याचे पाणी हिरवे झाले.

पाइपांची तपासणी : संशयित पाइप दोन्ही तोंडांना बुचे लावून पाण्याने दाबाखाली ठेवतात व दाबमापीचा काटा पडतो का ते पाहतात. हवेने दाब देताना बूच उडून इजा होऊ शकते. नेमकी जागा जमिनीवरून ऐकण्याच्या मायक्रोफोनने, अथवा ५ टक्के हायड्रोजन व उरलेला नायट्रोजन असलेला वायू पाइपात सोडून तो फरशीतून कोठे वर येतो हे पाहून ठरवितात. विद्युत् रोधक असलेल्या लाइनरमधील छिद्र तेथून जमिनीत जाणाऱ्या विद्युत् प्रवाहावरूनही शोधता येते.

तलाव रिकामा करणे : निदानासाठी तलाव पूर्ण उपसणे टाळावे. भूजल तळाच्या १ मी. वर असेल तर ते तळाच्या प्रत्येक चौ. मी.वर जवळजवळ १ टन भाराने वर रेटते, १५ सेंमी. जाड काँक्रीटचे वजन तेवढ्याच क्षेत्रावर सुमारे ०·३६ टन भरते. रिकामे कवच त्यामुळे उचलले जाऊन तडकते. दीर्घकाळ गळणाऱ्या तलावाभोवतीची माती आधीच पाण्याने भरलेली असल्याने धोका तेथेच सर्वाधिक असतो. उपसणे अटळच असेल, तर तळाच्या ड्रेनमधील, भूजलाचा दाब वाढल्यास ते आत येऊ देणारा दाबमोचन व्हॉल्व्ह चालू स्थितीत असल्याची खात्री करून आणि भूजलपातळी पाहूनच ते करावे.