ब्यूफर्ट : जुनी पेठ आणि टॅबी बांधकाम

ब्यूफर्ट हे अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, पोर्ट रॉयल बेटावर वसलेले छोटे शहर. (नॉर्थ कॅरोलायनातील असेच लिहिले जाणारे गाव मात्र ‘बोफर्ट’.) स्थापना १७११, राज्यात चार्ल्स्टनच्या खालोखाल जुने. सुमारे ३०० एकरांची जुनी पेठ १९७३ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली.

येथील जुन्या इमारतींचा प्राण म्हणजे टॅबी, शिंपले आणि चुन्याचे साच्यात ओतलेले बांधकाम. कालवांचे शिंपले लाकडांच्या थरांत रचून भाजत, तो चुना विझवत आणि चुना, वाळू, अख्खे शिंपले व पाणी समभाग कालवत. हा गारा फळ्यांच्या साच्यात ओतून ठोकत. थर आवळला की साचा वर सरकवत. फळ्या धरून ठेवणाऱ्या आडव्या खुंट्यांची भोके गिलावा पडलेल्या भिंतीत ओळीने दिसतात. जॉर्जियातील टॅबी बांधणारे टॉमस स्पॉल्डिंग यांनी तळाशी २ फूट, पहिल्या मजल्याला १४ इंच व दुसऱ्याला १० इंच जाडी दिली. त्याहून उंच टॅबी त्यांना मान्य नव्हती.

टॅबीच्या उगमाबद्दल एकमत नाही. ‘टॅबी’ शब्द स्पॅनिश ‘तापिया’शी (मातीची भिंत) व पुढे अरबीशी जोडतात, त्यावरून हे तंत्र फ्लोरिडातील स्पॅनिशांकडून आले असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार ब्यूफर्ट परिसर हे इंग्रजांचे स्वतंत्र केंद्र होते. जवळच पॅरिस बेटावर सांता एलेना ही स्पॅनिश वसाहत (१५६६–८७) होती खरी, पण ती आणि येथील इंग्रजांचा टॅबी किल्ला फोर्ट फ्रेडरिक (१७३० चे दशक) यांत जवळजवळ दीड शतकाचे अंतर आहे. शब्द आला म्हणून तंत्रही त्याच वाटेने आले असे धरता येत नाही. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. भट्टी लावण्यापासून गारा ठोकण्यापर्यंतचे कष्ट मुख्यतः गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांचे होते, हे मात्र निर्विवाद.

टॅबी मॅन्स (सु. १७८६) हे घर उत्तम नमुना. व्हर्डियर हाउस (सु. १८०४) लाकडी असून त्याचे जोते टॅबीचे आहे. उंच जोते आणि दक्षिणेकडे दुमजली ओसरी ही येथील घरांची खूण. दमट उन्हाळ्यात नदीवरचा वारा घरात यावा, ही त्यामागची सोय. अमेरिकी यादवी युद्धात, नोव्हेंबर १८६१ मध्ये, संघराज्याचे (उत्तरेचे) सैन्य आल्यावर गोरे मालक पळाले, घरे इस्पितळांसाठी व कचेऱ्यांसाठी वापरली गेली आणि म्हणूनच वाचली. प्रिन्स स्ट्रीटवरील ज्या घराच्या आवारात रॉबर्ट स्मॉल्स (पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य) १८३९ मध्ये गुलामीत जन्मले, तेच घर पुढे त्यांनी करथकबाकीच्या विक्रीत घेतले. १९०७ च्या आगीत पेठेचा काही भाग जळाला.

टॅबीचा शत्रू पाणी. न धुतलेल्या शिंपल्यांतले मीठ ओल धरते व भिंतीला लोणा लागतो; म्हणून आदिवासींच्या जुन्या, पावसाने धुतलेल्या शिंपल्यांच्या ढिगांना मागणी असे. चुन्याचा गिलावा गेला की पाऊस शिंपल्यांमधला मऊ चुना धुऊन नेतो. सिमेंटचे ठिगळ तर आणखी घातक : ते टॅबीहून कठीण, ओल बाहेर पडू देत नाही आणि निघताना जुन्या भिंतीचा पापुद्रा सोबत घेऊन येते. दुरुस्ती चुन्यानेच करावी लागते, पातळ थरांत, प्रत्येक थर सावकाश वाळू देत.